मनाच्या दुखण्याला नाव कोण देतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज बोलायचंय शब्दांविषयी. पण शाळेतल्या व्याकरणाचे नाहीत, आपल्या रोजच्या मनाचे शब्द.

लेकीची पाठवणी झाली, मांडव उतरला, पाहुणे गेले. रात्री भांडी घासताना मनात जे होतं त्याला तुम्ही काय म्हणता? कोणी म्हणेल हुरहूर, कोणी म्हणेल घर खायला उठलं. कर्जाचा हप्ता तोंडावर आलाय आणि हातात पैसा नाही, तेव्हा पोटात होते ती धाकधूक. आजारी आईला भेटायला जायचं राहून गेलं आणि ती गेली, मग जी कायमची टोचत राहते ती रुखरुख. एसटी डोळ्यांदेखत सुटली की लागते ती चुटपुट. शेजारणीच्या उभ्या पिकावर गारा पडल्या की वाटते ती हळहळ. चारचौघांत नवरा टाकून बोलला की आपण कानकोंडं होतो.

बघा, या सगळ्याला शहाणी माणसं एकाच शब्दात ‘दुःख’ म्हणतील. पण रुखरुख म्हणजे चुटपुट नव्हे आणि हुरहूर म्हणजे हळहळ नव्हे. प्रत्येकीचं दुखणं वेगळं, जागा वेगळी. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कँडी बंधू आणि मराठी पंडितांच्या मदतीने मराठीचा मोठा शब्दकोश केला. तो १८३१ साली मुंबईत छापला गेला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. आजही तो कोश चाळताना वाटतं, आपल्या भाषेत मनाच्या बारीक हालचालींना केवढी नावं आहेत! हे शब्द कुणा विद्वानाने बसून तयार केलेले नाहीत. स्वयंपाकघरात, बांधावर, पाणवठ्यावर ते घडले, आणि तुमच्याआमच्या आज्या-पणज्यांनी ते वापरून वापरून गुळगुळीत केले.

मग प्रश्न असा पडतो की मनाच्या दुखण्याला नाव द्यायचा अधिकार कोणाचा? ज्याला दुखतं त्याचा, की जो तपासतो त्याचा? याची दोन गोष्टींतून ओळख करून घेऊ. एक गोष्ट तीनशे वर्षांहून जुनी, युरोपातल्या स्वित्झर्लंडची. दुसरी आपल्याच काळातली, आफ्रिकेतल्या झिंबाब्वेची. दुसऱ्या गोष्टीचा धागा थेट आपल्या शेजारी गोव्यापर्यंत येतो.

पहिली गोष्ट: घरची ओढ आजार झाली

साल १६८८. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात योहानेस होफर नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा डॉक्टरकी शिकत होता. पदवीसाठी त्याला एक प्रबंध लिहायचा होता. त्याने विषय निवडला घरच्या ओढीचा. त्याच्या मुलखातली जर्मन बोलणारी माणसं या ओढीला ‘हाइमवे’ म्हणत. हाइम म्हणजे घर आणि वे म्हणजे दुखणं. घरदुखी म्हणा ना! लोकांकडे शब्द होता, दुखणंही होतं. पण डॉक्टरांच्या पुस्तकांत त्याचा पत्ता नव्हता. होफरने त्याला ग्रीक भाषेतून नवं नाव बनवलं. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. दोन्ही जोडून झालं ‘नॉस्टाल्जिया’.

त्याने दिलेली दोन उदाहरणं ऐकण्यासारखी आहेत. बर्न शहरातला एक तरुण शिकायला बासेलला आला होता. तो उदास राहायला लागला, ताप चढला, छातीत धडधड सुरू झाली. हळूहळू हालत इतकी बिघडली की चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना व्हायला लागल्या. शेवटी कुणीतरी सुचवलं, याला घरी पाठवा. घरी न्यायची तयारी दिसताच त्याच्या अंगात जरा जीव आला. शहर मागे पडलं तसा त्याचा श्वास मोकळा झाला, आणि बर्नला पोहोचायच्या आतच तो बरा झाला.

दुसरी होती एक खेड्यातली पोर. ती उंचावरून पडली, बेशुद्ध झाली, म्हणून तिला शहरातल्या इस्पितळात ठेवलं. शुद्धीवर येऊन बघते तर आजूबाजूला सगळ्या अनोळखी, कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्या. तिने अन्न थुंकलं, औषध थुंकलं. काहीही विचारा, तिचं उत्तर एकच, मला घरी जायचंय. अखेर आईबापांनी तिला घरी नेलं. काही दिवसांत ती औषधाशिवाय बरी झाली.

मैत्रिणींनो, ही पोर तुम्हाला ओळखीची वाटली ना? बाळंतपणाला, ऑपरेशनला तालुक्याच्या दवाखान्यात पडलेल्या किती बायकांना आपण हेच म्हणताना ऐकतो!

होफरने एक चांगलं काम केलं. त्या पोरीचं दुखणं खोटं नाही, नाटक नाही, हे त्याने डॉक्टरांना कागदावर पटवून दिलं. नाव मिळालं म्हणून दुखण्याला मान मिळाला. पण पुढे त्या नावाचं काय झालं ते बघा.

त्या काळात स्वित्झर्लंडचे तरुण पोटासाठी परक्या राजांच्या सैन्यात भरती होत. डोंगरातली गरीब पोरं सपाटीच्या मुलखात, दुसऱ्याच्या लढाईत उभी राहायची. ती झुरायला लागली की नॉस्टाल्जिया हे नाव लागायचं. गुराखी गायी हाकारताना जी गाणी गातात, ती ऐकली की ही पोरं रडतात, आजारी पडतात, पळून जातात, असं लोक सांगत. ही गाणी सैन्यात वाजवायला बंदी होती, असं रूसो या प्रसिद्ध लेखकाने १७६८ सालच्या आपल्या संगीतकोशात नोंदवून ठेवलं आहे. झुरिकच्या शॉयख्त्सर नावाच्या विद्वान डॉक्टरने तर कारण शोधलं हवेच्या दाबात. म्हणे डोंगरावरची हलकी हवा सोडून खाली आलं की जड हवेने शरीर दाबलं जातं, रक्त नीट फिरत नाही. मुलगा आईसाठी झुरतोय हे दिसत असूनही हवेला दोष!

पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं. तेव्हा उत्तरेकडच्या सैन्याच्या डॉक्टरांनी पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या नावापुढे आजार म्हणून ‘नॉस्टाल्जिया’ लिहिलं. काही मृत्यूंच्या कारणातही हाच शब्द आहे. आणि गंमत अशी, की विसावं शतक आलं तसा हा आजार डॉक्टरांच्या पुस्तकातून निघूनच गेला. आज नॉस्टाल्जिया म्हणजे जुने दिवस आठवून बरं वाटणं. आपण मराठीत त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. ज्या नावाखाली माणसं मेल्याची नोंद आहे, त्या नावात आता रंजन आलं! शब्दाचा अर्थ असा पालथा होतो. परगावी कामाला गेलेल्या पोराचं झुरणं मात्र आहे तिथेच आहे.

जात्यावरची घरदुखी

आता जरा आपल्याकडे बघू. त्याच काळात आपल्याकडे घरापासून तुटणारं माणूस कोण होतं? सैन्यात जाणारे पुरुष होतेच. पण घरटी एक तरी मुलगी आईचं दार सोडून परक्या दारात जातच होती, तीही आठ-दहा वर्षांची असताना. तिच्या झुरण्याला कोणी आजार म्हटलं नाही, कोणी प्रबंध लिहिला नाही. तिला घरी पाठवा म्हणणारा डॉक्टरही नव्हता.

पण तिच्याकडे शब्द होता. माहेर! हा शब्द ‘मातृगृह’ या शब्दापासून झिजत झिजत आला, म्हणजे आईचं घर. पुष्कळ भाषांत या अर्थाला एक वेगळा शब्दच नाही, ‘आईवडिलांचं घर’ असं फोडून सांगावं लागतं. पुरुषाला तरी माहेर कुठे असतं? हा शब्द ज्यांना लागला त्यांनीच जिवंत ठेवला. आणि तो ठेवायला त्यांना एक जागाही होती. पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलं की सासू नाही, नवरा नाही, समोर एखादी जाऊ नाहीतर नणंद. दगड फिरायचा आणि ओवी निघायची. दिवसा जे बोलता येत नव्हतं ते ओवीत बोलता यायचं.

पुण्याच्या हेमा राइरकर आणि ग़ी प्वातवॅं या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांबरोबर बसून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! हा बायकांनी स्वतः लिहिलेला मनाचा इतिहासच म्हणायचा. गिरणी आली, हाताचा त्रास वाचला, ते फार बरं झालं. पण जात्याबरोबर ती बोलायची जागाही गेली. दळण विकत झालं, आणि मन मोकळं करायचा तास मात्र परत कुणी दिला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट अशाच एका जागेची आहे.

दुसरी गोष्ट: कुफुंगिसिसा

आफ्रिकेच्या दक्षिणेला झिंबाब्वे नावाचा देश आहे. १९८० साली तो स्वतंत्र झाला. राजधानी हरारे. तिथले बहुसंख्य लोक शोना भाषा बोलतात.

गोरे लोक राज्य करत होते त्या काळात तिकडच्या डॉक्टरांत एक समज पक्का होता, की आफ्रिकी माणसाला नैराश्य म्हणजे डिप्रेशन होतच नाही. १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅरोथर्स नावाच्या डॉक्टरचं एक पुस्तक छापलं, त्यातही हा आजार आफ्रिकी लोकांत क्वचित दिसतो असा सूर होता. का दिसत नव्हता? कारण दवाखान्यात येऊन कोणी ‘मी निराश आहे’ असं म्हणत नव्हतं. डॉक्टर स्वतःचा शब्द ऐकायला कान टवकारून बसले होते. समोरचा माणूस त्याच्या शब्दात सांगत होता, तो शब्द त्यांच्या कानापर्यंत गेला नाही.

१९९०च्या दशकात विक्रम पटेल नावाचे एक तरुण मानसोपचार डॉक्टर हरारेत काम करायला गेले. ते मूळचे मुंबईचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. पुस्तक बाजूला ठेवून माणसांना विचारलं. परिचारिकांना विचारलं, गावच्या वैदूंना विचारलं, आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांना विचारलं, की बाबांनो, मनाच्या त्रासाला तुमच्याकडे काय म्हणतात? तेव्हा एक शब्द पुन्हा पुन्हा पुढे आला, ‘कुफुंगिसिसा’.

शोना भाषेत ‘कुफुंगा’ म्हणजे विचार करणं. त्याला शेपूट जोडलं ‘इसिसा’, म्हणजे प्रमाणाबाहेर. कुफुंगिसिसा म्हणजे फार विचार करणं, विचार थांबतच नाहीत अशी स्थिती. नवरा कमवत नाही, पोराची फी भरायची आहे, घरात आजारपण आहे, रात्रभर डोक्यात चक्र चालू. त्यातून डोकं दुखतं, झोप उडते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, रडू येतं, कामात लक्ष लागत नाही. तिथले लोक या शब्दाने आजारही सांगतात आणि आजाराचं कारणही सांगतात. फार विचार करून आजारी पडलो, आणि आजार कोणता, तर फार विचार!

आपल्याला हे नवं आहे का? आपण काय म्हणतो? जिवाला घोर लागला. डोक्याला भुंगा लागला. विचार करकरून डोक्याचा भुगा झाला. आणि हल्ली सरसकट एकच शब्द, टेन्शन.

या अभ्यासातून शोना भाषेत चौदा प्रश्नांची एक यादी तयार झाली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न अगदी घरगुती. गेल्या आठवड्यात तुम्ही फार विचार करत होता का? झोप लागली नाही असं झालं का? क्षुल्लक गोष्टीवरून चिडलात का? रडावंसं वाटलं का? काम मागे पडलं का? जीव नकोसा झाला का? प्रश्न लोकांच्या शब्दांत होते, म्हणून लोकांनी उत्तरं दिली. ज्या देशात हा आजारच नाही असं म्हणत होते, तिथे साध्या दवाखान्यांच्या रांगेत असे कितीतरी लोक बसलेले निघाले.

पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांनी आपल्या मोठ्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा जगातल्या वेगवेगळ्या समाजांच्या मनाच्या दुखण्यांत ‘कुफुंगिसिसा’ची नोंद केली. होफरच्या वेळी डॉक्टरांनी लोकांच्या शब्दावर ग्रीक टोपी घातली होती. इथे उलटं झालं. लोकांचा शब्द जसाच्या तसा डॉक्टरांच्या पुस्तकात जाऊन बसला.

झाडाखालचं बाकडं

पण शब्द सापडला म्हणून दुखणं बरं होत नाही. उपचार करणार कोण? एवढ्या मोठ्या देशात मानसोपचार डॉक्टर जेमतेम दहा-बारा.

त्यातले एक डिक्सन चिबांडा. २००५ साली त्यांची एक तरुण रुग्ण मुलगी दगावली, तिने स्वतःच जीवन संपवलं. तिच्या आईला माहीत होतं, लेकीला डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण गाव लांब आणि बसभाड्याला पैसे नाहीत. हे कळल्यावर चिबांडांना ते फार लागलं. दवाखाना उघडून आपण वाट बघत बसतो, आणि लोकांना तिथवर येताच येत नाही.

त्याच वर्षी झिंबाब्वेच्या सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडायची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात लाख लोकांचं घर गेलं, नाहीतर धंदा गेला. हरारेच्या म्बारे या वस्तीत मोठा त्रास झाला. तिथे काम करायला चिबांडांना माणसं मिळाली ती कोण? चौदा आज्या. वस्तीत आरोग्याची कामं करणाऱ्या, सगळ्यांच्या ओळखीच्या, पांढऱ्या केसांच्या बायका. दवाखान्यात खोली मिळाली नाही. म्हणून बाहेर झाडाखाली लाकडी बाकडं टाकलं. २००६ साली काम सुरू झालं.

चिबांडांना आधी वाटत होतं, बाकड्याला ‘मानसिक आरोग्य बाकडं’ म्हणावं. आज्यांनी सांगितलं, असं नाव ठेवलं तर कुणी फिरकणार नाही. मग नाव पडलं मैत्रीचं बाकडं. डॉक्टरांचे जड शब्द नकोत, आपले कुफुंगिसिसासारखे शब्द वापरू, हाही आग्रह आज्यांचाच. मदतीच्या पायऱ्यांनाही त्यांनी शोना नावं दिली. पहिली ‘कुवुरा फुंग्वा’ म्हणजे मन उघडणं. आधी सगळं बोलू द्यायचं. दुसरी ‘कुसिमुदझिरा’ म्हणजे वर उचलणं. सांगितलेल्या दहा अडचणींतली एक निवडायची आणि तिच्यावर काय करता येईल ते त्या बाईनेच ठरवायचं. तिसरी ‘कुसिंबिसा’ म्हणजे बळकट करणं. पुन्हा यायचं, काय जमलं, काय नाही, ते बघायचं. अशा साधारण सहा भेटी.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आमची आजीही करायची. खरं आहे. पण यात दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे आज्यांना शिकवलं होतं. उपदेश करायचा नाही, ‘सोस गं बाई’ म्हणायचं नाही, आधी ऐकायचं. आणि चौदा प्रश्नांच्या उत्तरांतून जास्त धोका दिसला, जीव नकोसा झालाय असं कळलं, तर पुढे डॉक्टरांकडे न्यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे याचा नीट हिशेब ठेवला.

हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ लोकांवर अभ्यास झाला. अर्ध्या दवाखान्यांत बाकडं आणि आज्या, अर्ध्यांत नेहमीचे उपचार आणि थोडी माहिती. २०१६ साली निष्कर्ष छापून आला. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारवाल्या शंभरातल्या पन्नास जणांत नैराश्याची लक्षणं होती. बाकड्यावर बसलेल्या शंभरात ती उरली होती साधारण चौदा जणांत. पुस्तकी डिग्री नसलेल्या आज्यांनी हे करून दाखवलं.

आणि एक गोष्ट खास आपल्या गटांसाठी. बाकड्यावरच्या भेटी संपल्या की बाईला एका मंडळात बोलावतात. त्याचं नाव ‘कुबातना तोसे’, म्हणजे सगळ्यांनी हात धरणं. तिथे बायका जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणतात. हाताला काम, चार पैसे, आणि विणता विणता बोलणं. मला तर ते ऐकून आपलं जातंच आठवलं.

गोव्यातलं टेन्शन, विदर्भातला घोर

हरारेतून परत आल्यावर विक्रम पटेल गोव्यात आले. १९९६ साली तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली. गोव्यातल्या अभ्यासांत एक महत्त्वाची गोष्ट दिसली. अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, थकवा येतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांत मनाच्या त्रासाचं प्रमाण बरंच होतं. म्हणजे मन दुखतंय असं सांगता येत नाही, सांगितलं तर कुणी ऐकत नाही. पण कंबर दुखते म्हटलं तर निदान गोळी तरी मिळते. बाई शरीराच्या भाषेत मनाचं बोलते. याचा अर्थ ते दुखणं खोटं, असा नाही. पांढरं जात असेल तर तपासणी करायलाच हवी. पण तपासणीत काही निघालं नाही तर ‘तुला काही झालेलं नाही, जा घरी’ असं म्हणणंही चूक.

गोव्यात दवाखान्यांमध्ये गावातल्याच माणसांना समुपदेशक म्हणून शिकवलं. डॉक्टर नव्हेत, साधी शिकलेली माणसं. त्यांनी डिप्रेशन हा शब्द शक्यतो टाळला आणि लोकांच्या तोंडचा ताण, टेन्शन हाच शब्द धरला. ‘मानस’ नावाने झालेल्या या कामाचा अहवाल २०१० साली आला. सरकारी दवाखान्यांत अशा मदतीने सहा महिन्यांत शंभरातले ६६ जण बरे झाले. ही मदत नव्हती तिथे साधारण ४२.

पुढे आपल्या अमरावती जिल्ह्यातही ३० गावांत असाच प्रयत्न झाला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेला हा भाग. गावातलीच माणसं शिकवली, गावात बैठका घेतल्या, ताण म्हणजे काय ते लोकांच्या भाषेत सांगितलं. सुरुवातीला नैराश्याने त्रासलेल्या शंभरातले चारच जण कुठेतरी मदत घेत होते. दीड वर्षात तो आकडा सत्तावीसवर गेला. सत्तावीस म्हणजे काही शंभर नव्हे. पण चारावरून सत्तावीस हा रस्ता कसा कापला? दुखण्याला गावाने ओळखीचं नाव दिलं, आणि ते नाव घेऊन जायला गावातच जागा झाली.

मग आपण काय घ्यायचं?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. होफरच्या पोरीला घरी पाठवलं तेव्हा ती बरी झाली. तिथे नावापेक्षा तिचं म्हणणं ऐकलं हे कामाला आलं. पुढे नाव मोठं झालं आणि ऐकणं मागे पडलं, तेव्हा सैनिकाच्या नावापुढे ग्रीक शब्द लिहिला गेला आणि तो मात्र तिथेच झुरत राहिला. हरारेत आज्यांनी लोकांचा शब्द धरला आणि शेजारी बाकडं टाकलं. शब्द आणि जागा, दोन्ही लागतं.

आपल्या गटाची बैठक म्हणजे एक तयार बाकडंच आहे. दर महिन्याला आपण बचत मोजतो, हप्ते लिहितो, सही करतो. त्या वहीच्या आधी नाहीतर नंतर पंधरा मिनिटं ठेवता येतील का? प्रत्येकीने फक्त एक शब्द सांगायचा, या महिन्यात मनाला काय झालं. घोर, रुखरुख, घालमेल, तगमग, उबग, काहीही. शब्द तुमच्या गावचा असू द्या. आगरी, अहिराणी, कोकणी, वऱ्हाडी, गोंडी, ज्या बोलीतला असेल त्या बोलीतला. सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होऊ नका. टेन्शन म्हटलं की पुढचं बोलणं खुंटतं. ‘घोर लागलाय’ म्हटलं की शेजारची आपसूक विचारते, कशाचा गं?

ऐकणारीने तीन गोष्टी पाळायच्या. मध्येच आपली गोष्ट सुरू करायची नाही. सगळ्यांचंच असं असतं, असं म्हणून तोंड मिटवायचं नाही. आणि बैठकीतलं बोलणं बैठकीतच ठेवायचं. पाणवठ्यावर ते ऐकू आलं तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

आणि एक इशारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, किंवा ‘मी नसले तर बरं होईल’ असं कोणी बोललं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. एकटं सोडू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सरकारचा ‘टेली मानस’ हा फोन २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. तिथे जड शब्द वापरायची गरज नाही. जिवाला घोर लागलाय, रात्रभर विचार थांबत नाहीत, एवढं म्हटलं तरी पुरे.

आजच्या बोलण्यातून एक काम घरी न्या. तुमच्या गावात, तुमच्या सासूच्या, आजीच्या तोंडी मनाच्या दुखण्याचा असा एखादा शब्द असेल, जो शहरात कुणाला कळणार नाही. तो आठवा, वहीत लिहा, त्याचा अर्थ लिहा, तो केव्हा वापरतात तेही लिहा. आणि पुढच्या बैठकीत आणा. गटाच्या वहीत बचतीचं पान असतं, कर्जाचं पान असतं. एक पान या शब्दांचंही असू द्या.